साडूभाऊंचा बोर्ड आणि महादेव आप्पा

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट नुसती पाहिली नाही. पाहिली की लगेच तिला रंग दिला. काम झालं असेल तर हिरवा, चालू असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. तीनच रंग, पण त्यांत त्यांनी घर, संसार, पाहुणेरावळे, पाऊसपाणी आणि स्वतःचा गुडघा असं सगळं बसवलं होतं. लातुरातल्या त्यांच्या घरी गेलं की दारातच एक पांढरा फळा लागायचा. त्यावर 'नळ – पिवळा (येऊन राहिला)', 'गॅस – हिरवा', 'गुडघा – लाल' अशी त्या दिवसाची परिस्थिती लिहिलेली असे. एकदा मी गेलो तर फळ्यावर 'अक्का – लाल' असं होतं. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. चपला काढाव्यात की तसंच मागे फिरावं या विचारात मी उभा राहिलो, तेवढ्यात आतून भांडी आदळल्याचा आवाज आला आणि फळा बरोबर असल्याची खात्री पटली.

माणूस तसा देवभोळा. सकाळी आंघोळ झाली की तासभर महादेवाची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि त्यानंतर चहाच्याही आधी आकडे. तापानं फणफणले तरी थर्मामीटर स्वतः लावणार, दर तासाला कागदावर टिंब देणार, आणि टिंबं जोडून झालेली रेघ डॉक्टरांपुढं ठेवणार. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तर विचारणार, "ते ठीक हाय, पण हिरवा कवा होतोय?" डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही घरी जाऊन झोपलात की लगेच." साडूंनी ते शब्दशः घेतलं. घरी जाऊन झोपले, आणि उठल्या उठल्या रेघ खाली का आली नाही म्हणून डॉक्टरांना फोन केला.

त्यांच्या मुलीचं लग्न मात्र लातूर जिल्ह्यात अजून सांगतात. आमच्याकडे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो, आणि एकदा गेला की परत कधी येईल ते मारुतीलाही सांगता येत नाही. पुढे बँड, बँडपुढे नाचणारे, आणि मांडवात उपाशी वऱ्हाड. अक्षता पडल्याशिवाय पंगत बसत नाही. साडूंनी मांडवाच्या दारात मोठा बोर्ड लावला आणि मला वरातीबरोबर पाठवलं. दर दहा मिनिटांनी वरात विजेचे किती खांब पुढे सरकली ते मी फोनवर सांगायचं. "सातवा खांब." "आठवा." "आठवाच. नवरदेवाचा मामा रस्त्यात आडवा झोपून नाचतोय." इकडे साडू बोर्डावर लाल करणार आणि मामाच्या तब्येतीकडे पाहून वेळ पुढे ढकलणार. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा होता. बोर्ड म्हणत होता तीनला दहा कमी. वऱ्हाडातला एक म्हातारा बोर्ड वाचून शांतपणे उठला, बाजारात जाऊन दाढी करून आला आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर बसला. अक्षता पडल्या तेव्हा तीनला आठ मिनिटं कमी होती.

या लग्नाला आमच्या कंपनीचे पुण्याचे मोठे साहेब आले होते. आमची म्हणजे माझी आणि साडूंची, कंपनी बियाण्यांची. साडू लातूरच्या मुख्य स्टोअरचे प्रमुख आणि मी चाकूरच्या डेपोचा मॅनेजर. मला तिथं चिकटवलं तेही त्यांनीच. मोठे साहेब भुकेनं व्याकूळ होऊन तीन तास तो बोर्ड पाहत बसले होते. जेवण झाल्यावर हात पुसत ते मला म्हणाले, "ज्या माणसाला नवरदेव कधी येणार ते सांगता येतं, त्याला काहीही सांगता येईल." आणि महिन्याभरात साडूंना कंपनीच्या सगळ्यात मोठ्या कामावर नेमल्याचा हुकूम आला.

काम असं होतं, की सगळी कंपनी जुन्या सॉफ्टवेअरवरून उचलून नव्यावर न्यायची. जुनं सॉफ्टवेअर काळ्या पडद्याचं. ते लिहिणारा माणूस कधीच दुसरीकडे निघून गेला होता आणि कुठली कळ दाबली की काय होतं ते जाताना कुणाला सांगून गेला नव्हता. तरी ते चालत होतं, कारण त्याचे सगळे हट्ट आम्ही पाळत होतो. नव्यावर जाताना धंदा एक दिवसही थांबवायचा नव्हता. चुलीवरची खिचडी न उतरवता घर बदलावं तसा प्रकार. नांदेड आणि लातूर मिळून चौतीस डेपो, प्रत्येक डेपोची चार कामं: वाणांची नावं तपासायची, डीलरची यादी साफ करायची, गोदामातल्या पिशव्या मोजून जुळवायच्या आणि माणसं शिकवायची. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नवी सिस्टीम सुरू झालीच पाहिजे, कारण त्यानंतर मृग, आणि मृगात डेपोवर उभं राहायलाही जागा नसते.

पुण्याहून सल्लागार कंपनीच्या एक मॅडम आल्या. त्यांनी लातूरच्या ऑफिसात भिंतभर टीव्ही लावला आणि बिझनेस इंटेलिजन्स नावाची गोष्ट साडूंना समजावली. सगळ्या डेपोंची माहिती एका जागी येते, कुठं काय अडलंय ते रंगात दिसतं, आणि मग त्यावरून निर्णय घ्यायचा. साडू ऐकता ऐकता इतके भारावले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम," ते म्हणाले, "म्या तर हेच आयुष्यभर करून राहिलो. मला वाटायचं मला काही रोग हाय." त्या दिवसापासून ते टीव्हीसमोरून हलेनात. एकशे छत्तीस चौकोन होते; डेपोंना फोन करून ते विचारायचे आणि उत्तर येईल तसा रंग भरायचे. एखादा पिवळ्याचा हिरवा झाला की ते उठून उभे राहायचे.

आणि काय आश्चर्य, तीन आठवड्यांत सगळे चौकोन हिरवे झाले. पुण्यात पेढे वाटले गेले. साडू मात्र अस्वस्थ. "एवढ्या लवकर तर आपल्याकडं पंगतसुदिक उठत न्हाई," ते मला म्हणाले, आणि सगळ्यात आधी हिरवा झालेला नायगावचा डेपो पाहायला निघाले. तिथं त्यांना फेटा बांधला, शाल-नारळ दिला, जेवायला घातलं. शेवटी त्यांनी नवा कॉम्प्युटर दाखवा म्हटल्यावर मॅनेजरनं आदरानं आतल्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर खोक्यात होता. खोक्याला हार होता, हळदकुंकू होतं, पुढे उदबत्तीची राख होती.

"उघडला न्हाई?" साडूंनी विचारलं.

"चांगला दिवस बघून राहिलो, साहेब."

"मग फोनवर 'झालं' कसं म्हणले?"

"झालंच म्हणा म्हणलो, साहेब."

आता यात त्या मॅनेजरची तरी काय चूक? वडीलधाऱ्या माणसानं फोन करून प्रेमानं विचारावं आणि आपण त्याच्या तोंडावर 'न्हाई' म्हणावं, ही रीत आमच्या मुलखात नाही. 'झालंच म्हणा' याचा अर्थ तुमचा शब्द माझ्या मनात आहे, बाकी देव पाहून घेईल. हे वाक्य चौतीस डेपोंतून आलं होतं आणि साडूंनी ते चौतीस वेळा हिरवं केलं होतं. नायगावहून ते तसेच बाकीच्या डेपोंवर फिरले, प्रत्येक ठिकाणचं काम डोळ्यांनी पाहिलं. फेरी संपली त्या रात्री माझा फोन वाजला.

"साडूभाऊ, सापडलं! मानूस तोंडानं 'न्हाई' म्हणत न्हाई, ताटानं म्हणतंय."

झालं होतं असं, की आपल्या डायरीत ते प्रत्येक डेपोतला पाहुणचारही लिहीत. तो त्यांनी खऱ्या कामाशी ताडून पाहिला. जिथं काम झालं होतं, तिथं मॅनेजर घाईत होता, त्यानं अर्धा कप चहा पुढं सरकवला आणि 'चला साहेब, गाडी भरायची' म्हणून निघून गेला. जिथं थोडं राहिलं होतं, तिथं फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी. जिथं काहीच झालं नव्हतं, तिथं जेवण. आणि जिथं काही होण्याची आशाही नव्हती, तिथं फेटा. मग काय, बोर्डावर पाहुणचाराचा नवा रकाना आला. पाणी हिरवं, चहा हिरवा, बिस्कीट दिसलं की पिवळं, ताट वाढलं की लाल. एका डेपोत तर प्रशिक्षणाच्या खोलीचं उद्घाटन म्हणून त्यांच्या हातात कात्री दिली. त्यांनी फीत कापली. मागे खोली नव्हती, थेट पोत्यांची थप्पी होती. त्या डेपोसाठी त्यांनी मॅडमकडे लालहून गडद रंग मागितला. मॅडमना वाटलं ते गंमत करताहेत.

ही बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याभरात साऱ्या डेपोंनी साडूंना पाणीसुद्धा विचारायचं सोडलं. एप्रिलच्या उन्हात माणूस जीपमधून उतरायचा आणि चौतीस डेपोंतून कोरडा परत यायचा. बोर्ड पुन्हा हिरवागार, साडू मात्र वाळून निम्मे. "ही कसली सिस्टीम, मानसाला पानी मिळंना!" म्हणून अक्का पुण्याला फोन करायला निघाल्या होत्या. पण साडू पक्के. उदगीरचा मॅनेजर पाणी न विचारता त्यांना निरोप देत होता तेव्हा त्याचे ओठ थरथरत होते, हे त्यांनी टिपलं. मग रकान्यात 'न विचारल्याचं दुःख' असा उपरकाना आला, आणि त्याची नोंद ते मॅनेजरच्या चेहऱ्यावरून जागीच करू लागले. मी हसलो होतो. पण खरं सांगायचं तर काम याच रकान्यानं केलं. दुःखी दिसलेल्या डेपोवर ते मुक्काम ठोकत आणि काम करून घेतल्याशिवाय हलत नसत. मेच्या मध्यापर्यंत बोर्ड खरोखरीचा हिरवा झाला. खोकी उघडली गेली, माणसं शिकली, याद्या भरल्या गेल्या. पुण्याच्या कुठल्याही हुशार माणसाकडून हे झालं नसतं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणतो.

सगळ्या याद्या एका जागी आल्यावर बोर्डानं आपण होऊन एक गोष्ट दाखवली. आमचा सगळ्यात मोठा डीलर कोण? 'श्री. महादेव आप्पा, मुक्काम शिखर.' चौतीसच्या चौतीस डेपोंतून माल उचलणारा हा एकटा. बारा वर्षांत एक तक्रार नाही, एक पिशवी परत नाही. मोठे साहेब थक्क झाले. अशा माणसाचा पुण्यात सत्कार करायचा आणि त्याला सपत्नीक परदेशी सहलीला पाठवायचं ठरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या वर्षी सोयाबीनच्या बियाण्याची टंचाई होती आणि बोर्ड सांगत होता की महादेव आप्पांकडे दोन जिल्ह्यांना पुरेल एवढं बियाणं पडून आहे. पुण्यानं ठरवलं की त्यांच्याकडचा माल परत बोलवायचा आणि जिथं तुटवडा तिथं पाठवायचा. सोमवारी नवी सिस्टीम सुरू झाली की ज्या डेपोनं माल दिला त्याच्याच नावानं चिठ्ठ्या आपोआप निघणार होत्या आणि गाड्या तिथून माल उचलणार होत्या.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. महादेव आप्पा मी तयार केले होते.

बारा वर्षांपूर्वी चाकूरच्या गोदामात सोयाबीनचा एक लॉट उगवण चाचणीत नापास झाला. असं बियाणं विकायचं नसतं. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'नापास' लिहायला जागाच नव्हती. माल एकतर गोदामात, नाहीतर डीलरकडे. तिसरी गती त्याला ठाऊक नव्हती. गोदामात दाखवला तर कुणीतरी चुकून उचलणार. आमच्याकडे जे हाताबाहेर गेलं ते महादेवाच्या नावानं सोडून द्यायची सवय आहे. मग तो थकलेला बैल असो नाहीतर मागूनही न मिळालेली बदली. मी डीलरच्या यादीत महादेव आप्पांचं नाव घातलं, गावाच्या जागी 'शिखर' लिहिलं, 'नमुन्यासाठी' असा शेरा मारला, म्हणजे पैसे कुणी मागणार नाही, आणि तो मेलेला माल त्यांच्या नावे पाठवून दिला. पिशव्या मागच्या शेडमध्ये रचल्या. मुरुडच्या मॅनेजरला ही युक्ती फार आवडली. त्याच्याकडून ती नायगावला गेली, तिथून देगलूरला, आणि दोनेक वर्षांत दोन्ही जिल्ह्यांतलं न उगवणारं झाडून सारं बियाणं महादेव आप्पांच्या नावावर जमा होऊ लागलं. कुणी कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. वर कळवायची तर नाहीच नाही.

आता त्या पिशव्या सोमवारी बाहेर निघून चांगल्या बियाण्यात मिसळणार होत्या, आणि मृगात मातीत पडणार होत्या. हे मला कळत होतं. पण बोललो तर माझी नोकरी गेली असती आणि साडूंचा बोर्ड जगासमोर लाल झाला असता. दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून मी वाट पाहिली. बाकीचे तेहतीसही तेच करत होते.

आणि साडू? ते जीप काढून महादेव आप्पांना शोधायला निघाले! सत्काराचं आमंत्रण द्यायचं होतं, माल परत घ्यायला संमती घ्यायची होती. नायगावात विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "आत्ताच गेले की, साहेब." देगलूरला कळलं, "काल होते. बैलावर आले होते." उदगीरच्या मॅनेजरनं तर वर्णनही दिलं: उंच आहेत, केस वाढलेले, अंगाला राख, बोलणं कमी.

"राहतेत कुठं?"

"वर."

"वर म्हंजे?"

"डोंगराकडं, साहेब. लई थंडी असती तिकडं."

साडूंनी डायरीत लिहिलं: 'साधी राहणी. बैलावर फिरतात. जाहिरातीला बरं.' मुरुडमध्ये त्यांनी फोन नंबर मागितला. मॅनेजर म्हणाला, "फोन न्हाई वापरत. मनातलं आपसूक वळखतेत." रोज सकाळी तासभर ज्याच्यापुढं डोळे मिटून बसायचं, त्याला या माणसानं बोर्डावर ओळखलं नाही. आठ दिवस ते दोन जिल्हे पालथे घालत होते, आणि प्रत्येक ठिकाणी आप्पा नुकतेच उठून गेलेले असत.

शेवटच्या गुरुवारी ते चाकूरला माझ्याकडे आले. थकलेले, उन्हानं रापलेले, पण खुशीत. मी बायकोला सांगून ठेवलं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, आणि त्यांना आवडते म्हणून हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. ते दोन घास जेवले. माझ्या बायकोनं दुसऱ्यांदा हुग्गी वाढायला पळी पुढं केली आणि त्यांचा हात ताटावर आडवा आला. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"साडूभाऊ, काय ऱ्हायलंय?"

"काही न्हाई, भाऊ. सगळं झालंय."

"मग हुग्गी कामून?"

मी हातातला घास ताटात ठेवला. बायको पळी हातात धरून तशीच उभी. मी म्हणालो, "भाऊ, महादेव आप्पा न्हाईत."

"वारले?" त्यांना धक्काच बसला. "कवा?"

"वारले न्हाईत. नव्हतेच कधी. म्या केले होते." आणि मग मी सगळं सांगितलं.

ते उठले, हात धुतले आणि शेड दाखवा म्हणाले. शेडमध्ये कमरेच्या वर धूळ खात पिशव्या रचलेल्या होत्या. त्यांनी एक उसवली, दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरून पाहिला आणि थुंकला. मग त्यांना हसू आलं. असं हसले की पिशव्यांवर बसावं लागलं. विभूती घामानं गालावर ओघळली. "आठ दिवस!" ते म्हणत होते. "बैलावर आले होते म्हणं! म्या लिवून घेतलं!" मीही हसायला लागलो. मग ते एकदम थांबले.

"सोमवारी गाड्या येतेत," ते म्हणाले. "लोकं पेरतेल. पंधरा दिस बसतेल बघत. आन मृग निघून जाईल."

"नाव काढून टाकू यादीतून."

"नाव काढून पिशव्या कमी हुत्यात का? चौतीस शेडी हायत. कुटली मेलेली, कुटली जिती, मोजून बघाया महिना पायजे." ते उठले, धोतर झटकलं. "बटन दाबायचं न्हाई."

शुक्रवारी सकाळी लातूरच्या ऑफिसात बैठक होती. पुण्याची मंडळी टीव्हीवर, आम्ही इकडे टेबलाभोवती. मी साडूंच्या शेजारी बसलो होतो. मोठे साहेब हसतमुखानं म्हणाले, "बोर्ड संपूर्ण हिरवा आहे. अभिनंदन! सोमवारी सकाळी बटण तुमच्याच हातानं दाबायचं. बरं, महादेव आप्पा भेटले का?"

साडू उभे राहिले. "साहेब, बोर्ड हिरवा हाय, पण म्या लाल म्हणून राहिलो. आप्पा नावाचं मानूस न्हाई. त्यांच्या नावावर जे हाय ते सगळं मेलेलं बियाणं हाय. सोमवारी चालू केलं तर ते पेरणीला जाईल. महिनाभर मोजल्याशिवाय म्या बटन दाबत न्हाई. गलती झाली, इज्जत गेली, माफी द्या."

 मग साहेबांनी थंडपणे विचारलं, "हे नाव यादीत घालायची कल्पना कुणाची?"

मी खुर्ची मागे सरकवली. टेबलाखाली साडूंचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि त्यांनी मला होतो तिथं दाबून बसवलं.

"माझी," ते म्हणाले. "लातूरचं स्टोअर सांभाळत होतो तवाची."

ज्या माणसानं आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तो माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलला. आणि मी बसून राहिलो. मला तेव्हाच उठता आलं असतं, नंतर आठवड्याभरातही सांगता आलं असतं. दोन मुलांची शिक्षणं होती, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

तो हंगाम जुन्या सॉफ्टवेअरवरच गेला. शेडमधल्या पिशव्या शेडमध्येच राहिल्या, बियाणं बरं उगवलं, आणि एखादी गोष्ट न घडल्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. साडूंकडून काम काढून घेतलं. दिवाळीपर्यंत ते पुन्हा स्टोअरात बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. पुढच्या वर्षी पुण्याच्या एका साहेबांनी नवी सिस्टीम सुरू केली. लातूरच्या समारंभात त्यांनी बऱ्याच जणांची नावं घेतली, माझंही घेतलं. नव्या सिस्टीममध्ये नापास लॉटला वेगळी जागा आहे, आणि तो कुणी नापास केला त्याचं नाव लिहावं लागतं. मी दरवेळी माझं पूर्ण नाव लिहितो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो होतो. ओट्यावर बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ऐकू जरा कमी येतं आता. अक्का आणि माझी बायको आत गेल्या. मी जवळ सरकून जरा मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी बैठकीत तुमी जे केलं..."

"ह्या घ्या, भाजल्याल्या हायत," म्हणून त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. "औंदा दाना भरलाय बगा चांगला." मी शेंगा खात बसलो. ते दाण्यांविषयी बोलत राहिले.

परत निघालो तेव्हा बायको बसस्टँडपर्यंत माझ्यापुढं चालत होती. बस लागली, आम्ही जागा धरल्या, तेव्हा म्हणाली, "आतून ऐकलं म्या. तुमच्याच्यानं हुनार न्हाई. पुढल्या खेपेला मीच सांगते दाजींना, तुमचे उपकार ह्यांना ठावं हायत म्हणून."

ती सांगेल. पण ते मी सांगायला पाहिजे होतं.